समुद्र नसलेल्या मराठवाड्यातून ऑफशोअर याट रेस, ती पण दोघांनीच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नांदेडची, नोकरीला हैदराबादला, आणि सुट्ट्या सगळ्या शिडाच्या बोटीवर जातात. रेसचा एखादा फोटो टाकला की नांदेड, परभणी, लातूर, बीडकडून मेसेज सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. नंबर टाकलेत, म्हणजे एकच गोष्ट चार ठिकाणी सांगावी लागणार नाही.

१. याट म्हणजे ती सिनेमातली पांढरी बोट ना? त्याची कसली रेस?

नाही हो. ती मोटरबोट, बर्फाच्या ग्लासवाली. आमची शिडाची, ३०-३५ फुटाची, आत सगळं ओलं, डिझेलचा वास आणि उभं राहिलं की डोकं आपटतं. ऑफशोअर म्हणजे किनारा दिसेनासा होतो तिथं रात्रंदिवस न थांबता चालवायची. सगळ्यात नावाजलेली म्हणजे इंग्लंडची फास्टनेट, १९२५ पासून चालू आहे, दोन वर्षातून एकदा होते. काउज गावातून निघायचं, आयर्लंडच्या नैऋत्येला समुद्रात फास्टनेट नावाचा एक खडक आहे त्याला वळसा घालायचा आणि २०२१ पासून फ्रान्समधल्या शेरबूर्गला संपवायचं. अंतर साधारण ६९५ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे १२८७ किलोमीटर झाले. दुसरी सिडनी-होबार्ट, ६२८ मैल, दरवर्षी २६ डिसेंबरला सुटते. याच बोटींवर एरवी सहा-आठ जण असतात, आम्ही दोघंच असतो, त्याला टू-हँडेड किंवा डबल-हँडेड म्हणतात.

२. दोघंच कशाला? चार माणसं जास्त घेतली तर सोपं नाही का जाणार?

सोपं जातं की. पण आठ जणांची सुट्टी, विमानाचं तिकीट, जेवण आणि भांडणं सांभाळायची म्हणजे लग्नाची वरात न्यायचं काम आहे. दोघांत एकच कॅलेंडर जुळवायचं असतं. दुसरं म्हणजे मोठ्या क्रूत एखाद्याच्या वाट्याला पाच दिवस एकच दोरी येते, दोघांत मात्र शीड, नकाशा, हवामान, स्वयंपाक, रिपेरिंग सगळं तुमच्याच गळ्यात.

आणि दोघं म्हणजे हौशे-गवशे असं पण समजू नका. २०१३ ची फास्टनेट पास्कल आणि अलेक्सी ल्वाझों या बापलेकाने ओव्हरऑल जिंकली, पूर्ण क्रूवाल्या बोटींना मागं टाकून. २०२५ ला रेसला शंभर वर्षं झाली, तेव्हा परत दोघांचीच बोट ओव्हरऑल पहिली आली आणि त्यात परत तोच अलेक्सी होता. छोटी बोट पहिली कशी येते ते १५ मध्ये.

३. किती दिवस लागतात?

आमच्यासारख्या ३०-३५ फुटी बोटीला फास्टनेट साधारण चार ते पाच दिवस. सरासरी सहा-सात नॉटचा वेग म्हणजे ताशी ११ ते १३ किलोमीटर, सायकलवाला सहज पुढं जाईल. फक्त सायकलवाला रात्री झोपतो.

४. मराठवाड्यात समुद्र नाही, शिकायचं कुठं? नाथसागरात जमेल का?

जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तिथं मनात आलं म्हणून बोट टाकता येत नाही, तो विचार सोडा. आपल्याला खरं तर दोन दिशा आहेत आणि देवगिरी एक्सप्रेस दोन्हीकडं जाते. एका टोकाला मुंबई, तिथं समुद्र, दुसऱ्या टोकाला हैदराबाद, तिथं हुसेनसागर. गंमत म्हणजे दोघांचे सीझन उलटे आहेत, मुंबईत पावसाळ्यात सेलिंग बंद, आणि हैदराबादला नेमक्या त्याच टायमाला जुलैत मोठ्या रेगाटा, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यती, होतात. हुसेनसागरवर सरकारी शाळेतली पोरं शिकून नॅशनलला मेडल काढायलेत.

सुरुवात डिंगीपासून, म्हणजे एक-दोन जणांच्या छोट्या शिडाच्या बोटीपासून करा, लहान पोरांना ऑप्टिमिस्ट, मोठ्यांना लेझर. डिंगी चुकीला लगेच शिक्षा देते, उलटीच होते, त्यामुळं वारा अंगात भिनतो. मोठ्या बोटीवर थेट सुरुवात केलेली माणसं मी बघितलीत, त्यांना वारा स्क्रीनवर वाचावा लागतो. डिंगीनंतर कीलबोट (तळाला जड कणा असतो, सहज उलटत नाही), मग कोणाच्या तरी मोठ्या क्रूत दोन-तीन सीझन, आणि त्यानंतर दोघांचं.

५. पोहणं आलंच पाहिजे का? मी विहिरीत शिकलोय, चालेल का?

आलंच पाहिजे, आणि विहिरीतलं एकदम चालतं. पाठीला डबा बांधून ज्याला काकाने वरून ढकललंय त्याला अचानक पाण्यात पडल्यावर तोंड बंद ठेवायची सवय असते, ती लई कामाची. पण खुल्या समुद्रात पोहून कोणी वाचत नाही. इंग्लंडचं पाणी ऑगस्टमध्ये पण इतकं गार असतं की पडल्यापडल्या श्वास आपोआप जोरात ओढला जातो, त्यातच पाणी आत जातं. तिथं वाचवतं ते लाइफजॅकेट. आणि पडूच नये यासाठी काय करायचं ते ८ मध्ये.

६. ऑटोपायलट लावता म्हणे. मग ही चीटिंग नाही का?

दोघांच्या क्लासमध्ये नियमानेच परवानगी असते. एक झोपला की दुसऱ्याला शीड पण ओढायचंय, नकाशा पण बघायचाय, मग सुकाणू कोण धरणार? पायलट हा आमचा तिसरा माणूस आहे, तो जेवत नाही पण बॅटरी खातो. सरासरी ४ अँपिअर धरले तरी दिवसाला ९६ अँपिअर-अवर झाले, वर नेव्हिगेशन, दिवे, रेडिओ वेगळे. म्हणून सोलर लागतो, कोणी मागं पाण्यात फिरणारा हायड्रोजनरेटर लावतात, बाकीचे इंजिन न्यूट्रलला ठेवून चार्जिंग करतात (ते चालतं का, तर १६ बघा).

रेसच्या आधी लोक शिडावर पैसा घालतात आणि पायलट जुनाच ठेवतात. माझं मत विचाराल तर उलटं करा. जुन्या शिडाने चार जागा मागं राहाल, पायलट गेला तर मात्र दोघांपैकी एक जण कायमचा सुकाणूला बांधला जातो आणि झोपेचं सगळं गणित मोडतं.

७. झोपता कधी?

हा खरा प्रश्न. बाहेरच्याला वाटतं या खेळात लाटांची भीती मोठी, पण दोघांच्या बोटीत पहिल्यांदा झोप संपते, मग डोकं चालत नाही आणि त्यानंतर बाकी सगळं बिघडतं.

पाळी लावतात, दिवसा तीन-तीन तास, रात्री दोन-दोन किंवा दीड-दीड. कागदावर लई छान दिसतं. प्रत्यक्षात तुमची पाळी संपायच्या दहा मिनिटं आधी वारा फिरतो, स्पिनेकर (पुढचं मोठं फुगणारं शीड) उतरवायचा असतो, तो एकट्याने उतरवायचा नसतो, मग झोपलेल्याला उठवावं लागतं. म्हणून अनुभवी जोड्या घड्याळाला चिकटून राहत नाहीत. ज्याची झोप मोडली त्याला पुढच्या शांत तासात परत पाठवायचं, आणि उधारी लगेच फेडायची, उद्यावर टाकायची नाही. पहिल्या रात्री उत्साहात दोघंही जागे राहतात, त्याची किंमत तिसऱ्या दिवशी कळते. माणसांचे आवाज ऐकू येतात, नसलेला दिवा दिसतो, सोपी बेरीज दोनदा करावी लागते. सुरुवातीनंतर सहा-आठ तासांत एकाने आडवं व्हायचंच, झोप येवो न येवो.

झोपायला बंकवर नाही जायचं, वाऱ्याच्या बाजूला शिडांच्या पिशव्यांच्या ढिगावर पडायचं, कारण तुमचं वजन पण बोटीला सरळ ठेवायला लागतं. कपडे ओलेच, हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारे पट्टे) अंगावरच. नांदेड-हैदराबाद जनरल डब्यात ज्यांना झोप लागते त्यांना अवघड जाणार नाही.

८. एक झोपलेला असताना दुसरा पाण्यात पडला तर?

सगळ्यात वाईट प्रसंग हाच. बोट ऑटोपायलटवर सात नॉटने चालू आहे, म्हणजे एका मिनिटात दोनशे मीटरवर पुढं गेली, रात्र आहे आणि आतल्याला पत्ताच नाही. म्हणून पडायचंच नाही, हा एकमेव खरा उपाय. डेकवर पुढून मागं पट्टे टाकलेले असतात, जॅकस्टे म्हणतात, त्याला हार्नेसची दोरी अडकवूनच हलायचं. आमच्या बोटीवर रात्री किंवा एकटं असताना पायऱ्यांवरून वर यायच्या आधी हुक अडकतो, लघवीला पण हुक सोडायचा नाही. पुरुषांनी तर कठड्याला उभं राहून अजिबात नाही.

तरी पडलाच तर लाइफजॅकेटमध्ये छोटा एआयएस बीकन, म्हणजे आपली जागा रेडिओवरून कळवणारं यंत्र, असतो, जॅकेट फुगलं की तो सुरू होतो, बोटीत अलार्म वाजतो आणि स्क्रीनवर माणूस कुठं आहे ते दिसतं. अलार्मचा आवाज झोपलेल्याच्या कानाशी पाहिजे, हे रेसच्या आधी प्रत्यक्ष झोपून बघा. मग बोट थांबवून मागं फिरवणं, आणि त्याहून अवघड म्हणजे भिजलेला माणूस एकट्याने वर ओढणं. हातांनी नाही होत, डोलकाठीच्या दोरीने विंचवर (हँडलने फिरवायचा ड्रम) ओढावा लागतो. आपल्या पार्टनरचं वजन तुम्हाला एकट्याने ओढता येतं का ते बंदरात शांत पाण्यात करून बघायचं. नाही जमलं तर रेसला निघू नका.

आणखी एक, बूम. शिडाच्या खालचा आडवा दांडा. २०२४ च्या सिडनी-होबार्टमध्ये पहिल्याच रात्री दोन वेगळ्या बोटींवर दोन जण गेले, एकाला बूम लागला, दुसऱ्याला मेनशीट, म्हणजे मुख्य शीड ओढायची दोरी. दोघंही पाण्यात पडून नाही गेले. बूम जिथून फिरतो तिथं डोकं ठेवायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

९. खाता काय? भाकरी नेता का?

भाकरी दुसऱ्या दिवशी कडक आणि चौथ्या दिवशी बुरशी. धपाटे दोन दिवस जातात. खरा हिरो म्हणजे येसर, उकळत्या पाण्यात टाकला की आमटी तयार, आणि रात्री तीनला गारठलेल्या माणसाला ती आमटी मिळाली की तो परत माणसात येतो. सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे, शेंगदाण्याची चटणी, बाकी ते पाणी टाकून फुलणारे कोरडे जेवणाचे पाकीट. गॅसवर फक्त पाणी उकळायचं, फोडणी वगैरे विसरा. दुधाचं मात्र काही नेऊ नका, पेढा पण नाही, इंग्लंडला भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि ऑस्ट्रेलियात तर बी-बियाण्यापर्यंत सगळं तपासतात, जे आहे ते फॉर्मवर लिहा.

पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरतो, प्यायला आणि जेवणाला मिळून. अंघोळ नाही. २०१६ ला मिरजेवरून रेल्वेने आलेलं पाणी ज्यांनी लातूरला भरलंय त्यांना हे शिकवायची गरज नाही.

१०. टॉयलेटचं काय? आणि ताई, पिरियड्स आले तर?

छोट्या बोटीत पंपाचं टॉयलेट असतं, पण बोट तिरकी पळत असली की बादलीच बरी. हे ऐकून निम्मे लोक कटतात, कटू द्या. पिरियड्समध्ये कप वापरणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, पण रेसमध्ये पहिल्यांदा ट्राय करायचा नाही. कचरा समुद्रात नाही, पिशवीत बांधून परत आणायचा. पार्टनरशी हे आधी मोकळं बोला, पाच दिवस तीस फुटात लाजून जमत नाही.

११. मला एसटीत उलटी होते, मग?

मला पण घाटात होते. समुद्रात भल्याभल्यांना होते, आरमारातल्यांना पण. गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही. कोणती आणि किती ते डॉक्टरांना विचारून आधीच एका प्रॅक्टिसला घेऊन बघा, काहींनी लई झोप येते आणि ७ वाचलं असेल तर कळेल ते का परवडत नाही. त्रास सुरू झाला की खाली बसून मोबाईल किंवा नकाशा बघायचा नाही, वर या, सुकाणू धरा, क्षितिजाकडं बघा. बहुतेकांचं दीड-दोन दिवसात बसतं. पाणी पोटात टिकतच नसेल तर मात्र हे आजारपण समजा आणि पार्टनरला स्पष्ट सांगा.

१२. घरच्यांनी परवानगी कशी दिली? पार्टनर पुरुष असला तर लोक काय म्हणतील?

हा प्रश्न मला येतो, माझ्या पार्टनरला एकदाही आला नाही, तो पुरुष आहे. एक जण जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो, पाच दिवसात धड गप्पा पण होत नाहीत. माझ्या आईची काळजी वेगळीच होती, ती म्हणाली पोटाला नीट मिळतं का तिथं.

घरी दाखवायला उदाहरण हवं असेल तर आरमाराच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी दाखवा. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून तारिणी बोटीवर निघाल्या, फक्त दोघी, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून पृथ्वी फिरून २९ मे २०२५ ला परत आल्या. त्यांची ती रेस नव्हती, पण दोघांनीच बोट सांभाळायची म्हणजे काय ते त्यांच्याइतकं आपल्याकडं कोणाला माहीत नसेल. आपले मराठी हवे असतील तर कमांडर दिलीप दोंदे, २००९-१० ला गोव्यात बांधलेल्या म्हादेईवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

१३. खर्च किती? शेत विकावं लागेल का?

विकू नका. दोघांच्या रेससाठी बनवलेली नवी दहा मीटरची बोट सगळ्या सामानासकट कोटीच्या घरात जाते, ते आपलं काम नाही. मार्ग दोन. एक म्हणजे भाड्याने, त्यात बोटीचं भाडं, डिपॉझिट, विमा, एंट्री फी, लाइफराफ्टचं (बोट बुडाली तर चढायचा फुगणारा तराफा) भाडं, व्हिसा, विमान. दुसरा म्हणजे बोट असलेल्याला पार्टनर पाहिजे असतो, युरोपात असे बरेच मालक आहेत ज्यांचा जोडीदार ऐनवेळी गळतो. मी दुसऱ्या मार्गाने शिरले. पण तिथं फुकट जागा मिळते ती रिपेरिंग येणाऱ्याला. डिझेल इंजिन, वायरिंग, दोरीचं काम शिकून ठेवा. मोटर रिवाइंडिंग येणारा जालन्याचा पोरगा एमबीएवाल्याच्या आधी सिलेक्ट होईल, लिहून देते.

१४. कोणतं सर्टिफिकेट लागतं? पैसे भरले की एंट्री मिळते का?

नाही मिळत. १९७९ च्या फास्टनेटमध्ये वादळात १५ स्पर्धक गेले, त्यानंतर नियम फार कडक झाले. आता लांबच्या रेसना वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेचे ऑफशोअर सेफ्टी नियम लागतात, रेस किती दूर आणि उघड्यावर आहे त्यानुसार कॅटेगरी असतात. त्यात सी सर्व्हायव्हलचं ट्रेनिंग पाच वर्षाच्या आतलं लागतं आणि किमान दोन माणसांचं, म्हणजे दोघांच्या बोटीत दोघांचंही, सूट नाही. त्यात स्विमिंग पूलमध्ये कपड्यांसकट उडी मारून उलटा राफ्ट सुलटा करून आत चढायला लावतात. शिवाय फर्स्ट एड, रेडिओचं लायसन्स, आणि आधी काही शे मैल रेसिंग याच बोटीवर याच जोडीने केल्याचा हिशोब.

त्यामुळं शेवटच्या महिन्यात पार्टनर बदलला तर क्वालिफिकेशन परत करावं लागू शकतं. ज्याचं लग्न ठरायलंय त्याला पार्टनर घेताना विचार करा.

१५. मोठी बोट एक दिवस आधी पोचली तरी छोटी जिंकली म्हणतात, हे कसं?

हँडिकॅप. आयआरसी नावाची पद्धत आहे, बोटीची लांबी, वजन, शिडं वगैरे बघून तिला एक आकडा देतात आणि लागलेल्या वेळाला त्याने गुणायचं. समजा आमचा आकडा १.००० आणि ९६ तास लागले, तर ९६. मोठीचा १.१०० आणि ती ९० तासात आली, तर ९९. जिंकलो आम्ही. त्यामुळं आपण कितवे हे बंदरात पोचून पण लगेच कळत नाही, मागचे अजून समुद्रात असतात आणि त्यांना चांगला वारा मिळाला तर तुम्ही झोपेत खाली घसरता.

१६. वारा पडला तर इंजिन लावता येतं का?

पुढं जायला नाही. न्यूट्रलला ठेवून बॅटरी चार्ज करता येते. इंग्लिश चॅनलमध्ये भरती-ओहोटीचा प्रवाह एवढा जोरात असतो की वारा पडला की बोट शीड उभारून पण मागं वाहायला लागते. तेव्हा नांगर टाकायचा! नियमात बसतं, आणि लांब दोरीचा नांगर बांधून शांत बसलेली बोट जागेवर राहून पुढं निघालेली असते, कारण बाकीचे मागं वाहत गेलेले असतात.

अपवाद नीट वाचा. पाण्यात पडलेल्या माणसाला किंवा संकटातल्या दुसऱ्या बोटीला मदत करायला इंजिन चालतं, वेळ आणि जागा लॉगबुकात लिहायची आणि पोचल्यावर डिक्लेरेशनमध्ये द्यायची. बोट वाळूत रुतली म्हणून मात्र मूळ नियमात इंजिन चालत नाही, लोकांना इथंच गोंधळ होतो. त्या रेसच्या सूचनांमध्ये काही वेगळं लिहिलंय का तेवढं बघा.

१७. दुसऱ्याला वाचवण्यात वेळ गेला तर रेस गेलीच की?

मदत करणं हा पहिलाच नियम आहे, न केल्यास बाद होता. गेलेला वेळ ज्युरी परत देते. २०२०-२१ च्या व्हॉन्दे ग्लोब या एकट्याच्या रेसमध्ये केविन एस्कोफिएची बोट मोडली, त्याला शोधायला गेलेल्यांमध्ये यानिक बेस्तावें होता. त्याला १० तास १५ मिनिटं भरपाई मिळाली, फिनिश लाइनवर तो तिसरा आला आणि त्या भरपाईने रेस जिंकला.

१८. भावाने घरून व्हॉट्सअॅपवर हवामान पाठवलं तर?

सगळ्यांना मोकळं उपलब्ध असलेलं हवामान तुम्ही स्वतः डाउनलोड करून बघू शकता. पण तुमच्यासाठी कोणी घरी बसून रूट काढून दिला तर ती बाहेरची मदत, प्रोटेस्ट म्हणजे तक्रार होऊ शकते. भाऊ इंजिनिअर असला तरी. आजारी किंवा जखमी माणसासाठी डॉक्टरचा सल्ला मात्र चालतो. "जेवलीस का" हा मेसेज पण चालतो.

१९. व्हिसा एकच लागतो ना? आणि रेस मधेच सोडावी लागली तर?

फास्टनेटला एक पुरत नाही. सुरू इंग्लंडमध्ये आणि संपते फ्रान्समध्ये, म्हणजे भारतीय पासपोर्टला यूकेचा आणि शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) दोन्ही लागतात, आणि दोन्हीच्या अपॉइंटमेंटला पासपोर्ट अडकून राहतो, त्यामुळं सहा महिने आधी कामाला लागा. नांदेडला व्हिसा सेंटर नाही, हैदराबाद किंवा मुंबई. फॉर्ममध्ये "समुद्रातून बोटीने जाणार" हे स्पष्ट लिहा आणि आयोजकांचं पत्र जोडा, नाहीतर परतीचं विमान कुठंय म्हणून विचारत बसतात. शेरबूर्गला पोचल्यावर एंट्रीची अधिकृत नोंद करून घ्यायला विसरू नका, नाहीतर विमानतळावर निघताना अडकता.

मधेच सोडणारे बरेच जण खडकाच्या आसपास असतात आणि जवळचं बंदर आयर्लंडचं पडतं, जे शेंगेनमध्ये नाही आणि यूकेत पण नाही. तिथं उतरायचे नियम आपल्या व्हिसावर काय आहेत ते निघायच्या आधी लेखी विचारून ठेवा. आणि रेस सोडली की पहिला कॉल रेस ऑफिसला करायचा, तुम्ही गुपचूप बंदरात जाऊन झोपलात तर ते तुम्हाला हरवलेलं समजून शोध सुरू करतात.